सोडलेल्या रिबिनी

शाळेत वजनं घ्यायचा दिवस होता. मी काट्याजवळ उभी राहून आकडे मोठ्याने सांगत होते, दुसऱ्या बाई वहीत लिहीत होत्या. तिसरीतल्या सईची पाळी आली. तिने बूट काढले, मोजे काढले आणि मग केसांच्या रिबिनीही सोडल्या. काट्यावर चढून तिने श्वास रोखून धरला. मागची रांग एकदम गप्प झाली. सगळ्यांना आकडा ऐकायचा होता.

आकडा न सांगता मी फाटकाकडे पाहिलं.

फाटकाबाहेरच्या दुकानात, पोरांच्या हाताला येतील अशा उंचीवर, वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकत होत्या. शाळेजवळ असलं काही विकू नये, असं परिपत्रक आमच्याच सूचनाफलकावर टाचलेलं आहे. पण रांगेत आम्ही उभं करतो ते पोरांना. त्या दुकानाला कधी कोणी जाब विचारला?

आकडा मी दुसऱ्या बाईंच्या कानात सांगितला. सईचे डोळे भरून आले होते. तिची समजूत काढायची म्हणून, सवयीने, मी पर्समधून चॉकलेट काढून पुढे केलं.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बाई, हे खाल्लं की परत वजन करणार?"