न्याहारीच्या वेळी शिकवलेलं वाक्य

“हात जोड आणि म्हण, आय ॲम अ थीफ,” शेठची मुलगी म्हणाली.

मी म्हटलं. जीभ वळेना. तिने पुन्हा म्हणायला लावलं. जमलं तेव्हा टेबलावरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला होता.

“अरे वा, आमची बाई इंग्लिश मीडियम!”

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, इंग्रजीत माफी अशीच मागतात.

माझ्या पायाशी टोपली होती. टोपलीत मोहाची फुलं.

मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला शेठचं फार्महाऊस आहे. मी तिथे पाहुण्यांसाठी नागलीच्या भाकऱ्या थापायचे. घर आमच्या पाड्याला लागूनच. मधे मोहाचं झाड. आमच्यात रीत अशी, की संध्याकाळी झाडाखालची जागा जिने झाडली, सकाळी पडलेली फुलं तिची. दुसरी कुणी हात लावत नाही. राखण नाही, भांडण नाही. माझी सासू तिथेच वेचायची.

पावसाळा सरला तसं शेठने तारेचं कुंपण पुढे सरकवलं. झाड आत गेलं. पाड्यावर कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. चैत्रात फुलं पडायला लागली. मी तारेखालून वाकून गेले, जागा झाडली, सकाळी वेचली. कामावर टोपली घेऊनच गेले. लपवायचं आहे हे डोक्यातही आलं नाही. शेठने टोपली पाहिली आणि माझ्या झाडाची फुलं नेतेस, माफी माग, म्हणाला.

घरी भाची आली होती. जव्हारला कॉलेजात शिकते. तिला मी ते वाक्य म्हणून दाखवलं. जमलं होतं ना.

ती भाकरी खायची थांबली. “मामी, हे कोणी शिकवलं तुला?”

मी सांगितलं.

“अगं, मी चोर आहे असं म्हणालीस तू.”

मला रडू आलं नाही. मी चुलीत लाकूड सारलं आणि विचारलं, “अजून कसले शब्द आहेत चोरीचे?”

तिने मोबाईलमध्ये पाहिलं. “थेफ्ट म्हणजे गुपचूप नेणं. रॉबरी म्हणजे धाक दाखवून. प्लंडर म्हणजे फौज शिरते, गाव लुटते, तसं. लूट तर त्यांच्यातही लूटच.”

“आणि कुंपण सरकवणं?”

ती बराच वेळ शोधत राहिली. “त्याला वेगळा शब्द आहे. एन्क्रोचमेंट. म्हणजे अतिक्रमण.”

“तो चोरीत नाही?”

“इथे तरी चोरीत दिला नाही, मामी.”

मी ऐकलं. भांडी घासली. निजले. झोप लागली की नाही, आठवत नाही.

सकाळी कामावर गेले. नवे पाहुणे आले होते. मी भाकऱ्या ठेवल्या तशी शेठची मुलगी म्हणाली, “बाई, कालचं म्हणून दाखव ना यांना. फार गोड म्हणतेस.”

मी गप्प उभी राहिले. एरवीही गप्पच असते, म्हणून तिला कळलं नाही.

“अगं, म्हण. लाजतेस काय?”

“नाही म्हणणार.”

“का?”

“अर्थ कळला.”

कोणी हसलं नाही. शेठने मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. “फारच बोलायला लागलीस. काम करायचं नसेल तर सांग.”

“नाही करायचं,” मी म्हटलं. हाताचं पीठ तिथेच धुतलं आणि बाहेर पडले.

काम गेलं. नवरा म्हणाला, “त्यांना आपण पुरे पडणार नाही.” असेल.

सोमवारी मी मोखाड्याला तहसील कचेरीत जाणार आहे. पाड्यावरच्या दोघी येते म्हणाल्या. आल्या तर बरं, नाही आल्या तरी मी जाणार. साहेबासमोर माझी मान खाली जाईल, मला माहीत आहे. नंतर या म्हणतील. नंतर जाईन. मला सांगायचं एवढंच आहे, की शेठने आमची जागा चोरली आहे. ते वेगळा शब्द सांगतील. मी चोरी म्हणेन. लिहून घेईपर्यंत तेच म्हणेन.