हिरोचा उजवा हात

हिरो फिजिओथेरपीला यायचा तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून. नुसते डोळे दिसायचे. चिमूरच्या भर बाजारात, दवाखान्याच्या जिन्यापाशी थांबून मागेपुढे बघायचा आणि झपकन वर चढायचा. माणूस खांदा दाखवायला चालला आहे की कुणाची कोंबडी चोरायला, कळायचंच नाही. पहिल्या दिवशी मी माझी पर्स मांडीवर ओढून घेतली ती त्यालाच बघून.

दवाखाना म्हणजे एक खोली, दोन खाटा आणि मधे पडदा. पलीकडच्या खाटेवर फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्याचा हात वर उचलला आणि तो ओरडला, "आई गं!" मी कान टवकारले. तो आवाज मी तरुणपणापासून ऐकलेला होता. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवसांत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, त्यातल्या एका कंपनीचा हा हिरो. साठी उलटली तरी हिरोच, आणि हिरोबद्दल बोलताना अहो-जाहो कोण करतं? शेवटच्या प्रवेशात तो उजवा हात आभाळाकडे न्यायचा आणि म्हणायचा, "आई, या हाताची शपथ!" बाया पदर डोळ्यांना लावायच्या आणि मागून आरोळी उठायची, "वन्स मोअर!" आमच्याकडे वन्स मोअर म्हणजे नुसतं कौतुक नाही, हुकूम असतो. मेलेलं पात्रसुद्धा उठून पुन्हा मरून दाखवतं. हिरो पुन्हा हात वर न्यायचा, पुन्हा शपथ घ्यायचा. लोकांचं मन भरेपर्यंत.

मी पडदा सरकवून म्हटलं, "भाऊ, तुम्ही हिरो ना?"

त्यानं आधी दुपट्टा शोधला. "बाई, हळू बोला न! कंपनीवाल्याले मालूम पडलं तं उद्या दुसरा उभा करन माह्या जागी. घरी सांगून आलो का नाटकाच्या बुकिंगसाठी चाललो म्हणून."

मला हसू आलं. मी तरी कुठं खरं सांगून आले होते? शेजारणींना सांगितलं होतं, बँकेत जाते. माझाही उजवाच खांदा. शाळेत जन्मभर पोरांना "हात वर करा" म्हणून दरडावलं, आणि आता माझाच हात कानापर्यंत जात नव्हता. सून रोज माझी वेणी घालायची. तिची कुरकुर नव्हती. पण ब्लाउजची बाही चढवायला तिला हाक मारताना मला अशी लाज वाटायची की दोन-दोन दिवस मी तोच ब्लाउज अंगावर ठेवायची. हिरोला मी हे सगळं सांगून टाकलं. का, देव जाणे. त्यानं तोंडाजवळचा दुपट्टा खाली घेतला. मग म्हणाला, "मले बायको आंग घासून देते. डोळे मिटून बसतो मी."

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. "जयभीम बाई," म्हणत तो आत यायचा आणि मॅडम नाहीत असं बघून आधी माझीच चौकशी करायचा, "आज कंगवा कुठवर गेला?"

मॅडम वयानं आमच्या पोरीसारख्या, पण जीभ तिखट. त्यांनी आम्हा दोघांना एकदमच समजावलं होतं. हात वर केला की खांद्याच्या हाडाखाली स्नायूची दोरी चेपते, चेपून चेपून सुजते, आणि सुजली की आणखी चेपते. म्हणून सूज उतरेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. बाकी व्यायाम. टेबलावर वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा. खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा ओढायचा. दुखणं कमी झालं की मग भिंतीवर बोटांनी चालत वर जायचं.

भिंतीपाशी मात्र हिरो लबाडी करायचा. खांदा कानाला भिडवायचा, कंबर वाकडी करायचा, टाचा उचलायचा, आणि बोटं ऐटीत वर पोचलेली दाखवायचा. चेहरा असा की जणू काही झालंच नाही.

"काका, इथी नाटक नका करू," मॅडम ओरडायच्या. "खांदा उचलून राह्यले तुम्ही, हात नाई! आन् या हंगामात शपथ बंद."

"शपथ बंद केली तं मंग मी कोन, मॅडम?" तो म्हणायचा. हे तो हसत म्हणायचा, पण नजर खाली असायची.

मी दोरीवर कपडे वाळत घालणं सोडलं, फळीवरचे डबे खाली काढून घेतले. हिरोला काय खाली काढता येणार होतं? त्यानं एका डॉक्टरकडून खांद्यात सुई टोचून घेतली. दुखणं दबलं, आणि तेवढ्या दिवसांत त्यानं दर नाटकाला हात उचलला. सुईचा असर उतरला तेव्हा पट्टासुद्धा ओढवेना. मी रागावले, "अहो, एकदा सांगून टाका ना कंपनीला!" तर म्हणाला, "दुखनं सोसते बाई मले. लाज नाई सोसत."

मग आमच्याच गावच्या मंडईत त्याचं नाटक लागलं. दवाखान्याच्या जिन्यावर त्यानं मला थांबवलं. "बाई, तुमी नका येऊ. हजार लोकं पाहू द्या. पन ज्याले मालूम हाये, त्यानं नोको."

पण घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे निघाले, मी एकटी काय सांगून घरी थांबणार? गेले. पदर डोक्यावरून पुढे ओढून बायांच्या मधोमध बसले.

शेवटचा प्रवेश आला. हात वर गेला. गेला कसा, ते त्या मंडपात मला एकटीला कळलं. खांदा कानाला, कंबर वाकडी, टाचा उचललेल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि आरोळी आली, "वन्स मोअर!"

दुसऱ्यांदा हात छातीशी येऊन अडकला. पावडरीखाली त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. डाव्या हातानं त्यानं उजव्या कोपराला खालून आधार दिला आणि वर ढकलायला लागला. हजार माणसांसमोर! मागून कुणीतरी ओरडलं, "हिरो बुढा झाला बे!" आणि मंडप फिसकन हसला. माझ्या शेजारची बाई हसली. माझी बहीण हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात छातीशीच धरून तो काहीतरी पुटपुटला, आणि कुणीतरी घाईनं पडदा ओढला.

त्यानंतर हिरो दवाखान्यात आला नाही. मॅडमनी फोन लावून बघितले, त्यानं उचलले नाहीत. पलीकडच्या खाटेवर दुसरी माणसं येऊन गेली. माझा खांदा मात्र हळूहळू सुटला. एके सकाळी मी स्वतःची वेणी स्वतः घातली, तर सुनेनं टाळ्या वाजवल्या. मी रडले. तिला वाटलं, आनंदानं रडते आहे.

पुढच्या मंडईला तीच कंपनी आली, तेच नाटक घेऊन. हिरो नवा, पोरगेलासा. त्यानं "आई, या हाताची शपथ!" म्हणत हात उचलला आणि तो हात काही त्रास नसल्यासारखा सरळ आभाळाकडे गेला. मंडप क्षणभर गप्प. मग मागून, तिकिटाच्या फाटकापासून, पहिली आरोळी आली, "वन्स मोअर!"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मान वळवून बघितलं. तिकिटं फाडायला उभा असलेला माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळून जीव तोडून ओरडत होता. त्याच्या मागून सगळा मंडप ओरडायला लागला. आजूबाजूच्या बाया हात उंच करून टाळ्या वाजवायला लागल्या, आणि त्या भरात माझेही हात डोक्याच्या वर गेले.

तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हाताकडे. त्यानं डोळ्यांनीच विचारलं, कंगवा कुठवर गेला ते.

मी हात खाली घेतला आणि पदराआड लपवला.