कलकत्त्याच्या पाण्यावरील आरोप

बदली होऊन परप्रांती आलेल्या मराठी माणसाला तिथली भाषा उमगायला काही महिने लागतात. पाण्याशी मात्र तो पहिल्या आठवड्यातच वैर धरतो. भूमापन खात्यातील दिगंबर पाळंदे १९६८ मध्ये साताऱ्याहून कलकत्त्यास आले, पोटात जळजळ सुरू झाली आणि ‘पाणी बाधले’ हा निष्कर्ष त्यांनी कायम केला. पुरावाही भक्कम होता: दर मे महिन्यात रजेवर साताऱ्यास गेले की चार दिवसांत जळजळ थांबे.

त्यांच्या पत्नी सरलाबाई यांचे माहेर कलकत्त्यातल्याच बेहाला भागातले. बदलीचा आनंद झालेली घरातील ती एकमेव व्यक्ती.

“हेच पाणी पिऊन माझे वडील चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन्ही वेळा पोटभर जेवतात,” त्या म्हणत.

“त्यांचं पोट केव्हाच बंगाली झालंय.”

तिसऱ्या वर्षी दिगंबररावांच्या पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली. जिना चढताना चक्कर येऊ लागली; शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले.

“अहो, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा आता.”

“डॉक्टर पाणी बदलणार आहे का? बदलीचाच अर्ज करतो.”

प्रकृतीच्या कारणास्तव बदली हवी तर तज्ज्ञाचा दाखला जोडावा, असा नियम होता. पोटासाठी जिथे जायचे त्यांनी तीन वर्षे टाळले, तिथे ते अर्जासाठी निमूट गेले. सरलाबाई सोबत होत्या.

वयस्क बंगाली डॉक्टरांनी पाण्याची कैफियत शांतपणे ऐकली आणि इंग्रजीत विचारले, “डोकं दुखतं का?”

“रोज. नकाशांवरची अक्षरं फार बारीक असतात. अ‍ॅस्पिरिनच्या दोन गोळ्या घेतो.”

“उपाशीपोटी?”

“डोकं जेवणासाठी थांबत नाही.”

“आणि साताऱ्यात?”

“तिथे कशाला दुखेल? तिथे नकाशे नसतात.”

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. “म्हणजे तिथे गोळ्याही नसतात. एखाद-दुसऱ्या दिवसाची जळजळ घरी निभावता येते. ती आठवडेच्या आठवडे टिकली किंवा वजन उतरू लागलं, तर तज्ज्ञाकडे यायचं. आणि काळं शौच झालं, चक्कर आली, तर त्याच दिवशी. आत रक्त वाहतंय तुमच्या.”

दिगंबररावांना तिथूनच रुग्णालयात दाखल केले गेले. रक्त चढले, बेरियम पाजून क्ष-किरण छायाचित्र निघाले आणि उपाशीपोटीच्या गोळ्यांनी जठरात पाडलेला व्रण सापडला. दहा दिवसांनी घरी सोडताना मागितलेला दाखलाही डॉक्टरांनी दिला: रुग्णाने पुढील सहा महिने माझ्या देखरेखीखाली कलकत्त्यातच राहणे आवश्यक आहे.

सरलाबाईंनी तो दोनदा वाचला. “अर्जाला जोडू?”

“पाण्याची तपासणी कुणी केलीच नाही,” अर्ज फाडता फाडता दिगंबरराव म्हणाले. “हा एकतर्फी निकाल आहे.”

“अपील करा हवं तर. आधी औषध घ्या,” त्या म्हणाल्या आणि नळाच्या पाण्याचा पेला पुढे केला.