मानेवर घासलेली फळी

डोंगराचे कडे चढायचे तर बोटांत ताकद लागते, आणि जालन्यात कडे नाहीत. म्हणून लटकून सराव करायला घरात दाराच्या चौकटीवर खाचांची फळी ठोकली. पहिली मीच केली होती. तिच्या धारेनं बोटं सोलली आणि हिवाळ्यातली चढाई हुकली.

दुसरीसाठी वाटूरच्या एका सुताराकडे गेलो. नाव काही विचारलं नाही. मी काढलेलं चित्र बाजूला ठेवून त्यानं आधी माझी बोटं पाहिली.

"धार कशाला ठेवली?"

"पकड घट्ट बसते."

त्यानं सागवानाच्या फळीला खाचा पाडल्या, कडा कानशीनं गोल केल्या. मग वाकून एकेक कड स्वतःच्या मानेवर घासली. एका कडेपाशी थांबला, पुन्हा कानस धरली.

"आम्ही बैलाचं जू करतो, भाऊ. टोचलं तरी बैल सांगत न्हाई, ओढत राह्यतो. म्हणून आधी आपली मान लावायची."

त्या फळीवर दोन हिवाळे काढले. बोटं दमतात, सोलत नाहीत. परवा एका मित्रासाठी मी फळी केली. देण्याआधी माझी मान आपोआप तिच्या कडेवर वाकली.