मुलीला हरवायची तालीम

माझ्या मुलीला मी एका डावात हरवलं. कसं हरवलं, हे आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे, मुलीला सगळं.

नांदगावच्या तिठ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण आसपासच्या गावांत लोक मला ओळखतात ते पखवाजासाठी. पंचवीस वर्षं मी डबलबारीच्या भजनांना साथ करतो. दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने आपली बारी गातात, आणि गाता गाता समोरच्याची उणीदुणी काढतात. लोक निम्मे त्यासाठीच येतात. टोमणा मारणं आणि टोमणा पचवणं ह्यात माझी उमर गेली.

मुलगी कणकवलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. संध्याकाळी घरी आली की टीव्हीसमोर बसून मारामारीचा एक गेम खेळायची. दोन पात्रं, ठोसे, लाथा. ज्याची ताकद आधी संपली तो हरला. मी तिकडे लक्ष देत नव्हतो. पुढे ती ऑनलाइन स्पर्धा जिंकायला लागली, तिचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले. एकदा स्टेशनाबाहेर चहा पीत होतो तेव्हा एका ओळखीच्याने दुसऱ्याला माझी ओळख करून दिली.

"ह्यो त्या गेमवालीचो बापूस."

पखवाजाचं नाव नाही. मी चहा अर्धा ठेवून निघालो.

त्याच महिन्यात तिला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं. स्पर्धेला अजून सहा महिने होते. मी नाही म्हटलं. परकं शहर, सगळे मुलगे, लोक काय म्हणतील, अशी बापांनी द्यायची ती सगळी कारणं दिली. खरं कारण त्या चहाच्या टपरीवरचं होतं, ते माझं मलाही कबूल करवत नव्हतं.

"मी जातलंय," ती म्हणाली.

"माझ्या घरात ऱ्हवान नाय."

"मग घर सोडून जातलंय. त्यात काय?"

"दोघांनी भांडी आपटू नकात," बायको आतून म्हणाली. "ती माका घासूची लागतत."

तेव्हापासून आमच्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. मी ताटावर बसलो की मुलगी उठायची. तिने वाढलेला भात मी परत टोपात टाकायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण टाकायचो.

तिला तिच्याच खेळात हरवायचं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं ते सांगता येणार नाही. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. ती कणकवलीला, बायको अंगणवाडीत. मी दार लावून घेऊन तिचाच कंट्रोलर हातात घ्यायला लागलो.

तिचा हुकमी ठोसा मला माहीत होता. तो नीट बसला की पडद्यावर निळी वीज चमकते आणि समोरचा हवेत उडतो. आईला एकदा तिने तो हौसेने समजावून सांगितला होता, तो मी पडवीतून ऐकला होता. डाव्या आंगठ्याने पुढे दाबायचं, आंगठा उचलायचा, खाली दाबायचं, मग तिरकं खाली-पुढे. आणि त्या तिरक्याच्या नेमक्या क्षणी उजव्या हाताने बटण. सेकंदाच्या साठाव्या भागाचा उशीर झाला तरी वीज नाही. साधा ठोसा बसतो, आणि मारणाराच उघडा पडतो.

पहिला दीड महिना एकदाही वीज दिसली नाही. आंगठ्याची साल निघाली. मी वादकाच्या सवयीने त्याचे बोल बसवले होते. आंगठ्याच्या चार हालचाली म्हणजे चार मात्रा, आणि बटण म्हणजे सम. आमच्याकडे सगळं फिरून समेवर यायचं असतं, म्हणून मी दरवेळी चार मात्रा पुऱ्या करून मगच बटण दाबत होतो. म्हणजे दरवेळी चुकत होतो, आणि तेही अगदी लयीत.

एका दुपारी चिडून कंट्रोलर टाकला आणि पखवाज ओढला. पहिलाच 'धा' वाजवला आणि हात तसेच ठेवून बसलो. धा म्हणजे डावा आणि उजवा एकदम. दोन हात, एक अक्षर. तिरकं आणि बटण ही काही एकामागून एक यायची अक्षरं नव्हती, तो धा होता. परत कंट्रोलर घेतला. सहाव्या की सातव्या खेपेला पडदा निळा झाला. मी एकटाच ओरडलो. चांगली बारी रंगल्यावर होतो तसा आनंद मला झाला, आणि तो कशासाठी होतोय हे ठाऊक असूनही झाला.

पुढे एका दुपारी बायको लवकर आली आणि दारातच उभी राहिली.

"ह्या काय चल्ला हा?"

"काय नाय."

"तिका सांगू?"

"सांगलंस तर बघ."

"पोरीवांगडा अशी लढाई कोण करता ओ?" एवढं म्हणून ती आत गेली. तिने सांगितलं नाही. माझ्या पापात मी तिलाही ओढलं.

पाच महिन्यांनी माझा ठोसा दहात सातदा बसायला लागला. तोही पात्र डाव्या बाजूला असताना. बाजू बदलली की सगळ्या दिशा उलट होतात, आणि ते उलटं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

स्पर्धेला आठवडा असताना एका रविवारी सकाळी मी पैज टाकली. तीन डाव. त्यातला एक जरी मी जिंकलो तर तिने पुण्याला जायचं नाही. तीनही हरलो तर मी स्वतः तिला गाडीत बसवून देईन.

ती कित्येक महिन्यांनंतर माझ्यासमोर हसली. "बाबा, तुमका रिमोट खयच्या बाजून धरतत ता तरी ठावक आसा?"

"भियालंस?"

"बसा."

पहिले दोन डाव मी ठोसा लपवून ठेवला आणि हरलो. ती एका हाताने चहा पीत खेळत होती. तिसऱ्या डावाच्या पहिल्याच फेरीत वीज चमकली तेव्हा तिने कप खाली ठेवला. ती फेरी मी घेतली, दुसरीही घेतली. तीन फेऱ्या घेतल्या की डाव माझा. मग तिच्या लक्षात आलं की मी डाव्या बाजूलाच चिकटून आहे. तिने माझ्या डोक्यावरून उडी मारून बाजू बदलायला सुरुवात केली. उजवीकडून माझ्या हातून एकही वीज निघेना. तिसरी फेरी तिची, चौथी तिची.

"झाली वीज?" ती म्हणाली. "बिल भरूक नाय वाटता."

शेवटच्या फेरीत माझी ताकद बोटभर उरली होती. हाताने जमत नव्हतं. तेव्हा मी तोंड उघडलं.

"हात मेले गो तुझे."

हे वाक्य दुसऱ्या कुणाला काही वाटणार नाही. आठ वर्षांची असताना ती माझ्याकडे पखवाज शिकायला बसायची. बोल चुकला की मी तिच्या बोटांवर पट्टी मारायचो आणि हेच म्हणायचो, ह्याच सुरात. दोन वर्षांत तिने पखवाज सोडला. ते वाक्य तिला कुठे लागतं हे मला माहीत होतं. मी ते चिडून म्हटलं नाही, मोजून म्हटलं, तिने उडी मारायच्या आधी. तिचे आंगठे थांबले. क्षणभरच. तिचं पात्र उभं राहिलं, मी डाव्या बाजूला होतो, आणि माझा धा बसला. एकामागून एक तीनदा बसला.

पडद्यावर माझं पात्र हात वर करून नाचत होतं. मुलगी रडली नाही. तिने माझा डावा हात ओढून आंगठा उजेडाकडे फिरवला. तिथे जाड घट्टा पडला होता.

"पखवाजान आंगठ्याक घट्टो पडना नाय," ती म्हणाली. "किती म्हयने?"

"पाच."

तिने हात सोडला. टाकला म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "जा तू पुण्याक. पैज माझी मी मोडतंय."

"कित्याक? समोरच्या बुवान तुमच्या बारीत मधीच तोंड घातल्यान म्हणान तुमी एकदा पखवाज उचलून निघालास. तेवा बारी हरलंय म्हणान तुमी कोणाक सांगलास काय? मी हरलंय. मी सांगतंय हरलंय. तुमची दया माका नको."

ती गेली नाही. स्पर्धेच्या दिवशी लॅबमध्ये कामावर गेली, संध्याकाळी येऊन जेवली. दोन महिन्यांनी पुण्याच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली आणि घर सोडलं. पुढच्या वर्षी ती त्याच स्पर्धेत उतरली, मला न सांगता. दुकानात मी मोबाइलवर तिचा सामना पाहिला. तिने पात्र बदललं होतं. तो ठोसा ज्याच्याकडे आहे, ते तिने सोडूनच दिलं होतं. नव्या पात्राशी तिची ओळख पुरी झालेली नव्हती, आणि ती दुसऱ्याच सामन्यात हरली. गिऱ्हाईक आधार कार्डाची कॉपी मागत होतं. मी त्याला तीनदा एकच बाजू छापून दिली.

चतुर्थीला ती घरी आली. गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटवी बांधून झाल्यावर घरात आम्ही दोघंच होतो.

"मी तेवा मुद्दाम बोललंय," मी म्हटलं. "पोरी, तुझे हात मेलेले नव्हते. कधीच नव्हते."

"ठावक आसा."

"एक डाव खेळूया? तू काय वाट्टेल ता बोल माका. गाळी घाल."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी समजलो असतो. समोरचा बुवा बघतो तो राग मला ओळखीचा आहे.

"तुमच्यावांगडा नाय खेळूचा," ती म्हणाली, आणि आरतीची ताटं पुसायला घेतली.