तुकडीतली भोळ्याची जागा

मी फोनवर पासवर्ड सांगून टाकला. तोही लष्कराचा, नव्याने उभ्या राहत असलेल्या आमच्या सायबर तुकडीचा, आणि तेव्हा सराव सुरू होऊन पहिला चहासुद्धा झाला नव्हता.

माझी बाजूही ऐकून घ्या. छावणी पार उत्तरेत. मराठी शब्द कानावर पडून महिने लोटलेले. फोन वाजला आणि पलीकडून आवाज आला, "काय रं, पेणचा ना तू? मी वडखळचा. नाक्यावर ट्रॅफिक अजून तसाच हाय का?" मला एकदम भरून आलं. आम्ही नाक्याबद्दल बोललो, धरमतरच्या कोळंबीबद्दल बोललो. मग तो म्हणाला, "माझं लॉगिन अडकलंय रं भावा, साहेब ओरडतील. तुझा पासवर्ड दे ना जरा." मी नुसता दिला नाही, मोठं अक्षर कुठलं आणि आकडे कुठले, हे नीट समजावून दिला. थोड्या वेळात खोलीतल्या कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे पडले आणि शेजारच्या दारातून सुभेदारसाहेब फोन हातात घेऊन बाहेर आले.

ते वडखळचे नव्हतेच. रोह्याच्या पुढच्या एका गावचे, भातशेतीवाल्या घरातले. तोवर मी त्यांना फक्त हिंदीत ऐकलं होतं, तेही बहुतेक परेडवर ओरडताना. हा माणूस मराठीत गोडही बोलू शकतो, हे मला कसं कळावं?

तुकडीचे प्रमुख कर्नलसाहेब, पण माणसं हेरायची ती सुभेदारसाहेबांनी. प्रमाणपत्रांचे गठ्ठे घेऊन पोरं यायची. साहेब ते गठ्ठे बाजूला सारून एकच विचारायचे, "घरात रिमोट बिघडला तर काय करतोस?" नवीन आणतो म्हणणारा परत जायचा. मी सांगितलं, "उघडला साहेब, पण परत लावल्यावर एक स्प्रिंग उरली." ते म्हणाले, "घ्या याला." आपण हुशार ठरलो असा माझा समज झाला, तो पुढे बरेच दिवस टिकला.

पासवर्डच्या प्रकारानंतर मात्र आमचे कॅप्टनसाहेब म्हणाले, याला जुन्या पलटणीत परत पाठवा. जुन्या पलटणीत मी वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करत असे. इकडे वडील डोलवीला कंपनीत कंत्राटावर. मुलगा आता कॉम्प्युटरवर लढाई करतो, हे त्यांनी तिन्ही शिफ्टच्या लोकांना सांगून ठेवलेलं. त्यांना काय तोंड दाखवणार? मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

कर्नलसाहेबांच्या दाराबाहेर मी सावधानमध्ये उभा होतो. आतून सुभेदारसाहेबांचा आवाज येत होता. हिंदी, पण हेल अस्सल रोह्याचा. "साहेब, हुशार पोरं आपण पुष्कळ भरली. शत्रू त्यांना फोन करणार नाही. तो फोन करणार लांबच्या चौकीवरच्या साध्या जवानाला, ज्याला घरची आठवण येते. तसा एक तरी माणूस आपल्याकडे पाहिजे. जे याला फसवेल, ते सगळ्या लष्कराला फसवेल." कर्नलसाहेब मोठ्याने हसले आणि मी राहिलो.

म्हणजे माझी नेमणूक झाली ती फसण्यासाठी. रोज कुणीतरी माझ्यासाठी खोट्या मेसेजचा नवा सापळा लावायचा. कँटीनची सवलत, मामेबहिणीची लग्नपत्रिका, 'रजा मंजूर'. 'रजा मंजूर' तर मी दर वेळी उघडली. मग सुभेदारसाहेब शेजारी स्टूल ओढून बसायचे. "भुललास कशाला? कुठल्या शब्दाला?" रागावणं नाही, चिडवणं नाही. वैद्य नाडी बघतो तसं ते माझा बावळटपणा तपासायचे आणि त्यातून चौक्यांवरच्या जवानांसाठी धडे तयार करायचे. हळूहळू मीच सापळे रचायला लागलो आणि ते बरे जमले. फसण्याचा एवढा अनुभव तुकडीत दुसऱ्या कुणाकडे होता?

साहेबांचं एकच भांडण अखेरपर्यंत चाललं, बदल्यांचं. पोरगं तयार झालं की वरून हुकूम यायचा आणि ते भलत्याच कामावर जायचं. ते म्हणायचे, "रोप एकदा उपटून लावतात, ते बरोबर. पण कणीस धरल्यावर उपटून दुसऱ्या खाचरात कोण लावतं?" आमचा सगळ्यात तरबेज गडी असाच गेला आणि कुठल्याशा भांडारात ताडपत्र्या मोजू लागला. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. पुढे माझाही हुकूम आला. तेव्हा ते निवृत्तीला आले होते. निरोपाच्या जेवणाची तयारी सोडून ते या कचेरीतून त्या कचेरीत माझ्यासाठी फिरत राहिले. हुकूम रद्द झाला. ते गावी गेले, मी तिथेच राहिलो. आज जे काही मला येतं, ते त्या राहण्यामुळे.

गेल्या रजेत रोह्याला गेलो. साहेब बनियनवर ओटीवर बसून वाल सोलत होते. काकूंनी चहा आणला. "साहेब, तुम्ही तेव्हा नसता तर..." असं घोकून आणलेलं भाषण मी सुरू केलं.

"वाल सोल," ते म्हणाले.

मी सोलायला लागलो. थोड्या वेळाने सांगितलं, "साहेब, नव्या पोरांची निवड आहे. या वेळी निवडणाऱ्यांत मला बसवलंय. कशी माणसं घेऊ?"

काकू कौतुकाने बघत होत्या. साहेबांनी मान वर केली नाही.

"हट्टी घे. चौकस घे. तुझ्यासारखा एक घे."

"एकच?"

"एकच. दोन झाले तर शत्रूची गरजच नाय."