दसऱ्याचं पिस्तूल

हसायचं असेल तर आत्ताच थोडं हसून घ्या मंडळी, चहा तोंडात असताना नको. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझ्या हातून एकदा असा घोटाळा झालाय, की तो करायला माणूस नुसता मूर्ख असून भागत नाही. त्याचं त्या विषयात शिक्षणही झालेलं असावं लागतं!

विषय कुठला? गंज. हो हो, लोखंडावर चढतो तोच. साठ साल उलटून गेलं होतं आणि मी हॅनोव्हरला पोलादाच्या गंजावर डॉक्टरेट करत होतो. सांगलीत कुणी विचारलं, "मुलगा काय करतो जर्मनीत?" की आमचे दादा रुबाबात सांगायचे, "संशोधन." कशाचं, ते कधी सांगायचे नाहीत. पोरगा सातासमुद्रापलीकडे जाऊन गंज बघत बसतो, हे चारचौघांत कसं सांगणार?

आता तुम्हाला वाटेल, परदेश म्हणजे चैन. कसली चैन! प्रयोगशाळेत सकाळी सगळे 'मॉर्गन' म्हणून माना खाली घालायचे, त्या थेट संध्याकाळी 'फायराबेंट', म्हणजे काम सुटलं, म्हणायला वर काढायचे. रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम, जिन्यात जोरात पाऊल वाजलं तरी खालची बाई दार उघडून बघायची. गावात दुसरा मराठी माणूस नव्हता. आपली भाषा कानावर पडावी म्हणून मी दाढी करताना मोठ्यानं पाढे म्हणायचो. पावकी-निमकीसुद्धा! शाळेत जी म्हणताना छड्या खाल्ल्या, ती तिकडे मी हौसेनं दोन-दोनदा म्हणायचो. फार एकटा पडलो होतो हो मी. उगाच कशाला लपवू?

बोलायला एकच माणूस होता, माझे घरमालक हेर क्रूगर. हेर म्हणजे तिकडे श्रीयुत. साठीला टेकलेले, बायको गेलेली, एकुलता एक मुलगा युद्धातून परत आलाच नाही. त्याचीच खोली मला भाड्यानं दिली होती. हेर क्रूगर एका मोठ्या गोदामावर पहारेकरी होते आणि त्यांच्या कमरेला चामडी कव्हरात एक पिस्तूल असायचं. कामावर पिस्तूल, ट्राममध्ये पिस्तूल, येताना पाव घ्यायला थांबले तरी कमरेला पिस्तूल. घरी आले की आधी त्यातल्या गोळ्या काढून कपाटात कुलूपबंद करायचे, मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचे आणि पिस्तूल पुसत बसायचे.

मी समोर बसायचो. एक तर घरातली एकमेव पेटलेली शेगडी तिथे होती, आणि दुसरं म्हणजे तिथे माणूस होता.

"थंडी आहे," ते म्हणायचे.

"या," मी म्हणायचो. म्हणजे जर्मनमध्ये 'हो'.

"उद्या जास्त असेल."

"गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

झालं! एवढ्या संभाषणावर मी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तग धरायचो.

ते पिस्तूलही बिचारं म्हातारं झालं होतं. रोज कव्हरात घालून-काढून नळीच्या तोंडाचा काळा मुलामा घासून गेला होता आणि आतलं पांढरं पोलाद दिसत होतं. मुठीजवळ, जिथे घामट हात लागायचा तिथे, तपकिरी ठिपके उठले होते. हेर क्रूगर ते रोज पुसायचे आणि ते रोज परत यायचे.

अशात एका शुक्रवारी ते कामावरून आले ते बोललेच नाहीत. थंडीबद्दलसुद्धा नाही! मी घाबरलो.

"काय झालं, हेर क्रूगर?"

"नवा साहेब आलाय. तरुण आहे. सोमवारी सगळ्यांची पिस्तुलं तपासणार. म्हणाला, गंजलेली पिस्तुलं आणि ती बाळगणारे म्हातारे, दोन्ही घरी पाठवणार." त्यांनी पिस्तूल वर्तमानपत्रावर ठेवलं. "घरी बसून मी काय करू? भिंतींशी बोलू?"

भिंतींशी बोलणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको होतं. आणि मग माझ्यातला विद्वान जागा झाला. तोच नडला!

"हेर क्रूगर, मी कशात डॉक्टरेट करतोय?"

"गंजात."

"मग? द्या इकडे!"

त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "आल्झो, बरं तर, हेर डॉक्टर," आणि रिकामं पिस्तूल दोन्ही हातांनी माझ्यासमोर सरकवलं. डॉक्टर व्हायला अजून अवकाश होता, पण मी मुळीच नाही म्हटलं नाही.

शनिवारी मी प्रयोगशाळेतून एक बाटली आणली आणि कामाला लागलो. ठिपके घासून काढले. उडालेल्या जागी नवा मुलामा दिला. एक थर, वाळवणं, पुसणं, पुन्हा थर. संध्याकाळी पिस्तूल असं काळंभोर झालं, की हेर क्रूगर चष्मा लावून, चष्मा काढून, खिडकीशी नेऊन बघत राहिले. "माझ्या लग्नात माझे बूट असे चमकत होते," म्हणाले. बायकोचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. शेवटी मी पिस्तुलाला तेलाचा हात दिला. इथे थांबलो असतो ना, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काहीच नसतं!

पण दुसऱ्या दिवशी दसरा होता.

आता बघा, रविवारची सकाळ. हेर क्रूगर नेहमीप्रमाणे बायकोच्या थडग्यावर फुलं घेऊन गेलेले. घरात मी एकटा. आणि सांगलीत या वेळी काय चाललं असेल? आईनं विळी घासून पाटावर मांडली असेल. दादांची सायकल धुऊन उभी असेल, हँडलला झेंडूची माळ. शिवणाच्या यंत्राला हळदकुंकू. मला राहवेना. मीही पूजा मांडायची ठरवली.

स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या फळीवर आकडेमोड करायचा माझा स्लाइड रूल ठेवला, पेन ठेवलं, पावाची सुरी ठेवली. आईनं पार्सलमधून पाठवलेले हळदकुंकवाचे करंडे काढले. मागच्या अंगणात खालच्या बाईंनी, फ्राऊ लेमाननी, लावलेला झेंडू होता, त्यातली फुलं न विचारता आणली. पण पूजेत शस्त्र कुठाय? हत्यारांची पूजा, आणि घरात साक्षात पिस्तूल असून ते वगळायचं? आमच्या सबंध खानदानात दसऱ्याला पिस्तूल कुणी पुजलं नसेल!

मधोमध पिस्तूल ठेवलं आणि कुंकवाचं बोट लावलं. कुंकू टिकेना. तेलावरून घसरायचं. मग मी काय केलं असेल?

मी तेल पुसून टाकलं. स्पिरिट लावून, अगदी स्वच्छ! वर पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं आणि ते ओलं फूल नळीवर ठेवलं. पोलादाला गंज कशानं चढतो, यावर माझी जाडजूड वही भरली होती मंडळी. तिच्यातली एकही गोष्ट मी सोडली नाही.

आईचा फोटो समोर टेकवला, मेणबत्ती लावली, स्वतःच्या कपाळाला ओलं कुंकू लावलं, नमस्कार केला. आणि अचानक असं रडू फुटलं म्हणून सांगू! पोटभर रडलो. मग शेगडीची ऊब, रडून आलेला थकवा. खुर्चीतच मान मागे टाकून झोप लागली.

तेवढ्यात हेर क्रूगर परत आले.

आता त्यांच्या जागी उभे राहून बघा. टेबलावर मेणबत्ती. कुणा बाईचा फोटो. फुलं. मधोमध त्यांचं पिस्तूल, त्यावर लाल डाग. आणि खुर्चीत मान टाकून पडलेला, गालांवर ओघळ सुकलेला, रोज एकटा एकटा असणारा परदेशी पोरगा. बोटं लाल. आणि कपाळाच्या बरोब्बर मध्ये, दोन भुवयांच्या वर, लालभडक ठिपका!

ते किंचाळले. आयुष्यात इतकी भीषण किंकाळी मी ऐकली नाही. मी दचकून उठलो आणि मीही किंचाळलो. मी उठलेला बघून ते आणखी मोठ्यानं किंचाळले. खालून फ्राऊ लेमान धावत आल्या, एका हातात बँडेज आणि दुसऱ्यात, का कोण जाणे, कोळशाचं फावडं. माझं कपाळ बघून त्या मटकन दारातच बसल्या.

"पडून राहा! हलू नका!" हेर क्रूगर माझ्या कपाळावर हातरुमाल दाबत ओरडत होते.

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"बोलू नका! शक्ती घालवू नका!"

"हेर क्रूगर, गोळ्या तुमच्या कपाटात आहेत!"

ते थांबले. रुमालाकडे बघितलं, माझ्या धड कपाळाकडे बघितलं, खिशातली कपाटाची किल्ली चाचपली. आणि मग तो दगडासारखा माणूस खुर्चीत बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. "मला वाटलं, हाही गेला," एवढंच म्हणत होते. मी त्यांचा हात धरून बसलो. फ्राऊ लेमाननी फावडं बाहेर ठेवलं आणि आपलीच फुलं फळीवर बघूनही चकार शब्द काढला नाही.

मग मी सगळं सांगितलं. वर्षातून एकदा आम्ही आमच्या हत्यारांचे आभार मानतो. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी विश्रांती. एकदा पूजेला बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

हेर क्रूगर ऐकत होते. उठले, आत गेले, आणि आपली पहाऱ्याची बॅटरी, शिट्टी आणि टोपी आणून फळीवर ठेवली.

"यांनाही लावा," म्हणाले.

फ्राऊ लेमान खाली गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. त्यांच्या कात्रीलाही लावलं!

काय दिवस होता तो! बाई म्हणाल्या, सण आहे तर जेवण हवं. बटाटे उकडायला ठेवले, कोबीचं सूप चढलं, दिवसभर शेगडीवर काही ना काही रटरटत होतं. खिडक्यांच्या काचांवरून वाफेचं पाणी ओघळत होतं. हेर क्रूगर बायकोबद्दल बोलले, मुलाबद्दल बोलले. मी आपट्याच्या पानाऐवजी तिकडच्या लिंडेन झाडाचं पान देऊन म्हटलं, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." ते त्यांनी पाकिटात जपून ठेवलं. त्या परक्या गावात मला पहिल्यांदा घरात असल्यासारखं वाटलं. मध्येच एकदा मनात आलं, पिस्तुलाला तेल लावायला हवं. पण पूजा मोडायची? आणि असला दिवस थांबवायचा? एका रात्रीत काय होतंय!

सोमवारी सकाळी मी हात जोडून फुलं उचलली.

झालं होतं ते! जिथे जिथे कुंकवाचं बोट, तिथे तिथे गंजाचं बोट. नळीवर तर फुलाचा छापच उठला होता, पाकळ्यांसकट. दोन दिवसांपूर्वी जे पिस्तूल नुसतं म्हातारं दिसत होतं, त्याला आता देवी आलेल्या दिसत होत्या.

"द्या, मी लगेच घासून..."

"नको!" हेर क्रूगरनी पिस्तूल चटकन छातीशी धरलं. "हेर डॉक्टर, कृपा करा. आता हात लावू नका." त्यांनी ते हळूच कव्हरात घातलं आणि गेले.

दिवसभर प्रयोगशाळेत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका चांगल्या माणसाचं काम मी घालवलं होतं. आता तो घरी बसणार, भिंतींशी बोलणार, आणि त्याला तिथे बसवणारा मी भिंतीपलीकडे पाढे म्हणणार. लाजेनं जीव नकोसा झाला. संध्याकाळी शेगडी पेटवली आणि वाट बघत बसलो.

ते आले. कमरेचं कव्हर गायब.

"काढून घेतलं?" मी कसाबसा बोललो.

"या." ते शांतपणे बसले. "साहेबानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, याची काल पूजा झाली. कुणी केली? म्हटलं, डॉक्टरनं. कसला डॉक्टर? म्हटलं, गंजाचा."

"मग?"

"मग तो हसायला लागला. इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. म्हणाला, असली गोष्ट चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगणारा माणूस मला घरी पाठवायचा नाही. मुख्य दरवाजावर बसवायचाय. उद्यापासून तिथे. दिवसभर माणसं येतात-जातात, बोलायला मिळेल. पिस्तूल नाही, हे दिलंय."

त्यांनी कोटाच्या आतून एक काळं, जाड दांडकं काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. चेहऱ्यावरची रेघ खरंच हलली नाही.

"रबराचं आहे, हेर डॉक्टर. मी मुद्दाम विचारून घेतलं. करा आता पूजा!"

तुम्ही हसताय, हसा. पण सांगतो, पुढच्या दसऱ्याला गंजाचा भावी डॉक्टर असलेल्या मी त्या रबरी दांडक्याला कुंकू लावलं. आणि पहाटे उठून गुपचूप बघून आलो, काही झालं तर नाही ना!